तेल्या, कवड्या, रामकाठी

डोमाजी वाढईनं मला बघितल्याबरोबर नाव ठेवलं. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी गावच्या शाळेत नवी मास्तरीण, ट्रंक हातात धरून त्याच्या ओसरीपुढे उभी, कपाळावरचा घामही पुसलेला नाही, आणि हा माणूस गाडीच्या चाकाचा आरा तासता तासता म्हणतो, "हिवर हाय."

मला वाटलं, कुणाला तरी हाक मारतोय. दारात त्याची मुलगी यशोदा उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. अर्थ तिनं मला आठ दिवसांनी सांगितला. हिवर म्हणजे बाभळीचीच एक जात, पांढरट खोडाची. "दुरून पांढरी, जवळ गेलं का काटा," असं बाबा म्हणतात म्हणे. मी पांढरी सुती साडी नेसत होते आणि खोलीचं भाडं किती, हा प्रश्न मी जरा तोऱ्यात विचारला होता. एवढ्यावर माझा निकाल लागला. आज म्हातारपणी मला कबूल करायला हरकत नाही, निकाल फारसा चुकीचा नव्हता.

गाव करडीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं. माझे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, मी क्वार्टरमध्ये वाढले. आम्हाला बाभूळ म्हणजे बाभूळ. सायकल पंक्चर करणारं झाड, संपलं. इथे दर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभूळ, आणि तिला बाभूळ म्हणणारा माणूस अडाणी. डोमाजी मला सांगायचा तेव्हा असा सांगायचा, जणू मी पहिलीत आहे आणि तेही दुसऱ्यांदा. तेल्या बाभूळ काळी, सरळ वाढणारी, आतला गाभा तांबडा, "किडा दात लावन त दात मोडन किड्याचा." कवड्या बुटकी, साल भेगाळलेली, लाकूड फिकट, "चुलीत घालाची, अना चूल भी रडते." रामकाठीच्या सगळ्या फांद्या खराट्यासारख्या वर गेलेल्या, "आभायाकडे पाहते. सावली नाही, बसाले जागा नाही." आणि खैर. खैराचं नाव घेताना त्याचा आवाज बदलायचा. "खैराले उकयल्याशिवाय थो रंग देत नाही. मानसाचं भी तसंच हाय, मास्तरीनबाई."

माणसं उकळण्याची त्याला हौसच होती.

आमचे हेडमास्तर उंच, मान ताठ, बोलणं पुस्तकी. डोमाजीनं त्यांना रामकाठी केलं, आणि पंधरा दिवसांत गावातली शेंबडी पोरंही मास्तरांच्या मागे हात वर करून खराट्यासारखी चालायला लागली. शेजारच्या घरात नवी सून आली. सडपातळ, देवीचे वण असलेली. लग्नाच्या पंगतीत, वऱ्हाड अजून जेवत होतं, डोमाजी पानावरून उठताना म्हणाला, "कवड्या आनली." झालं. त्या बाईचं नाव पार्वती होतं हे मला तिच्या पोराच्या जन्माच्या दाखल्यावर कळलं. विहिरीवर, धानाच्या रोवण्यात, सासूच्या तोंडी, नवऱ्याच्या तोंडी ती कवड्याच. एकदा मी तिला "पार्वताबाई" म्हणून हाक मारली तर तिनं मागे वळून पाहिलंच नाही.

मी त्याला बोलले. "डोमाजी, असं बोलून तुम्हाला काय मिळतं?"

"भेटाचं काय हाय त्याच्यात? झाडाले झाड म्हनतो."

"ती झाड नाही, माणूस आहे."

"म्हनून त सांगा लागते. झाड स्वता सांगते."

बोलण्यात त्याच्याशी कोण जिंकणार. त्याची ओसरी मला मिळाली ती कशी, तेही ऐका. गावात मला कोणी खोली देईना. आम्ही छप्पन्न सालानंतरचे बौद्ध, आडनाव ऐकलं की लोकांना अचानक आठवायचं की खोलीत धान भरायचं आहे. डोमाजी मात्र म्हणाला, "राहा. माही ओसरी लाकडाची हाय, लाकडाले जात नाही." मला गहिवरून आलं हो, खरंच! मग तो पुढे म्हणाला, "हिरीले हाय. हिरीवर नोका जाऊ." माझी घागर पाच वर्षं यशोदेनं भरली. रोज सकाळी, माझ्या दाराशी ठेवून जायची, कधी एक शब्द नाही. मी तिला लिहायला शिकवते म्हटलं तर हसून म्हणाली, "मंग पानी कोन भरन?"

पण या माणसाला अख्खा तालुका मान द्यायचा, आणि त्याला कारण होतं. उभी बाभूळ आतून भरीव आहे का पोकळ, हे तो खोडावर कुऱ्हाडीचा मागचा भाग ठोकून सांगायचा. बाभूळ विकणारा एक, घेणारा दुसरा, आणि मध्ये डोमाजी. तो खोडाभोवती फिरून तीनदा ठोकणार, कान लावणार, आणि एक शब्द बोलणार. तो शब्द दोघांनी मानायचा. नंतर तोडल्यावर काय वाट्टेल ते निघो, तक्रार नाही. बदल्यात तो झाडाची एक फांदी घ्यायचा, हत्यारांच्या दांड्यांसाठी, बस्स. वीस-बावीस वर्षं तो ठोकत होता आणि एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या गावचे वाढई, म्हणजे खुद्द सुतारकाम करणारे लोकसुद्धा, झाड घेण्याआधी त्याला बोलवायचे.

आणि तो खोटं बोलत नसे. हे गावातला प्रत्येक माणूस मला वेगवेगळ्या दिवशी सांगून गेला, आणि प्रत्येकानं तोच दाखला दिला. डोमाजीची बायको आजारी होती, भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायची होती. त्याच्या स्वतःच्या धुऱ्यावर एक मोठी बाभूळ होती, गिऱ्हाईक दारात आलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, डोमाजी, ठोकायची गरज नाही, तुमचं झाड म्हणजे चांगलंच असणार. हा उठला, झाडाशी गेला, तीनदा ठोकलं, आणि म्हणाला, "पोकय हाय. नोका घेऊ." गिऱ्हाईक परत गेलं. बायको दवाखान्यात पोचली ती फार उशिरा. सांगणारा माणूस इथे थांबायचा आणि मान हलवायचा, वा रे डोमाजी!

यशोदेनंही मला ही गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. "झाडाची इज्जत राहिली बाई," ती म्हणाली. "माय गेली."

डोमाजीचे कान गेले आहेत हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. तसा तो कुणाचंच ऐकत नसे, त्यामुळे फरक कळणार कसा? लोखंडी धावा चाकांवर ठोकण्यात उमर गेलेली. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं की त्याला कळायचं. पण बारीक आवाज गेले होते. दाराची कडी वाजली, मांजर ओरडलं, भात उतू गेला, काही पत्ता नाही. मी म्हटलं, हा माणूस झाडाच्या पोटातलं कसं ऐकतो?

एका रविवारी मी मुद्दाम त्याच्या मागे बांध्यांवर गेले. तो कुऱ्हाड घेऊन पुढे, यशोदा पाण्याचा गडवा घेऊन मागे. ती आताशा नेहमीच बरोबर असायची. लोक म्हणायचे, बापाची किती काळजी करते पोरगी. डोमाजीनं झाडाभोवती फिरून तीनदा ठोकलं, खोडाला कान लावला, डोळे मिटले. सगळे डोमाजीकडे बघत होते. मी यशोदेकडे बघत होते. ती चार हात लांब उभी होती, मान जराशी कलती. तिसऱ्या ठोक्यानंतर ती धुऱ्यावर बसली. डोमाजीनं डोळे उघडले, तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "भरीव हाय. तेल्या." पुढच्या झाडाला ती उभीच राहिली. "पोकय," डोमाजी म्हणाला.

घरी येताना मी तिला गाठलं. ती नाही म्हणाली नाही. "लहानपनापासून त्याच्या मागं फिरलो ना मी. आइकू येते मले." मग घाबरून माझा हात धरला. "सांगू नोका कोनाले. थो मरून जाईन."

म्हणजे दोन वर्षं तरी तालुक्यातल्या बाभळींचा न्याय एक अडाणी पोरगी करत होती, आणि फांदी बाप घेऊन जात होता. मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसण्यात मला मोठेपणा वाटला. गुपित राखणं म्हणजे मैत्री, असं काहीतरी. मूग गिळायची सवय अशीच लागते.

यशोदा तेवीसची झाली. त्या काळी खेड्यात हे वय म्हणजे लोकांच्या जिभेला काम. स्थळं येत आणि डोमाजी परतवी. मुलगा बुटका, घर लांब, सासू हिवर. मग करडीच्या नत्थूजी वाढईचं स्थळ आलं. मुलगा मधुकर जवाहरनगरच्या फॅक्टरीत नवाच लागलेला. त्यानं यशोदेला दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, पाहिलं होतं आणि स्वतः होऊन बापाला म्हणाला होता, हीच करायची. यशोदेनं त्याला पाहिलं होतं का, असं मी विचारलं तर ती इतकी लाजली की घागर तशीच ठेवून पळाली. त्या महिन्यात ती गाणं गुणगुणायची. बापाला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं गुणगुणायची.

पाहायला आले त्या दिवशी मी माझ्या खोलीत होते. ओसरी आणि माझी खोली यांच्यात कुडाची भिंत, सगळं ऐकू यायचं. चिवडा झाला, चहा आला. नत्थूजी सालस माणूस, डोमाजीला वाकून बोलत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "डोमाजी, आमाले पोरगी पसंत हाय. साक्षगंधाचा दिवस काढा आता तुमी."

डोमाजीनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "नत्थूजी, मी झाडाबद्दल कधी खोटं बोललो का?"

"नाही बाप्पा, कधीच नाही."

"माह्या सोताच्या झाडाबद्दल?"

"थे त सारे जानतेत."

"मंग पोरीबद्दल भी नाही बोलत. हिले मिरगी येते."

मिरगी म्हणजे फेफरं, फिट. पाच वर्षं एका भिंतीपलीकडे राहत होते. या पोरीला कधी साधा ताप आलेला मी पाहिला नव्हता! आत कपबशी फुटल्याचा आवाज झाला. नत्थूजी काय म्हणाला असेल? कुडाच्या फटीतून मला दिसलं, त्यानं उठून डोमाजीच्या पायाला हात लावला. "तुमचे उपकार हायेत," म्हणाला. "दुसरा बाप असता त लपवलं असतं." बाकीच्यांनी चहा अर्धा तसाच ठेवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी डोमाजीसमोर उभी राहिले. मी ओरडूनच विचारलं, "खोटं का बोललात? पोरीचा जन्म जाळलात तुम्ही!"

त्यानं आरा तासायचा थांबवला नाही. "थे गेली त मी काय करू? कोन आइकन?" असं तो सरळ म्हणाला. लाज नाही, काही नाही. मग वाकस खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुमाले खोली सोडाची हाय का, मास्तरीनबाई? गावात दुसरी कोन देते, थे पाहून ठेवा मंग."

यात मात्र तो खरं बोलत होता. दुसरी कुणी देणार नव्हतं. मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दर शनिवारी मी जवाहरनगरला घरी जायची. मधुकर आमच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. दोन गल्ल्या हो! मी एकदा निघालेही, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत आले. परक्या मुलाच्या दारात जाऊन काय सांगायचं, लोक काय म्हणतील, बाबांना काय वाटेल. कारणं काय, पोत्यानं मिळतात. भेकडपणाला दुसरं नाव देऊ नये, एवढं आता कळतं.

यशोदा मात्र भेकड नव्हती. ती चार दिवस रडली, पाचव्या दिवशी उठली, घागर भरून माझ्या दाराशी ठेवली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्याचा शबद मोडला पायजे. त्याच्या शबदापायी थे गेले ना? मंग शबदच खोटा निंगला पायजे. नत्थूजीच्या समोर."

संधी चैतात आली. बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर एक जुनी बाभूळ होती, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. तिचा मालक ती विकायला तयार झाला आणि घ्यायला आला खुद्द नत्थूजी. त्याला गाड्यांच्या चाकांसाठी लाकूड हवं होतं. मधुकरचं अजून दुसरीकडे ठरलं नव्हतं, हे यशोदेनं कुठून तरी काढलं होतं. एवढं मोठं झाड पडणार म्हणून अर्धा गाव बोडीवर जमला. सकाळची शाळा सुटली होती, मीही गेले.

डोमाजीनं नवं धोतर नेसलं होतं. तो झाडाभोवती फिरला. एक ठोका. दुसरा. तिसऱ्या ठोक्याला मलासुद्धा काहीतरी पोकळ ऐकू आल्यासारखं वाटलं, का मनाचा खेळ, देव जाणे. मी यशोदेकडे पाहिलं. तिनं गडवा खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि बसली.

"भरीव हाय," डोमाजी म्हणाला. "तेल्या. अशी दुसरी नाही भेटत. काढा."

करवत चालली, मग कुऱ्हाडी. दुपार होत आली तेव्हा झाड कडाडत खाली गेलं. लोक बुंध्याकडे धावले आणि तिथेच थांबले. कडेला चार बोटं जाडीचं लाकूड, आणि आत काळा भुगा. मुंग्यांची रांग बाहेर पडत होती. नत्थूजीनं वाकून मूठभर भुगा घेतला आणि बोटांतून खाली सोडला.

डोमाजीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो झाडाकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता.

यशोदा उठली आणि सरळ नत्थूजीच्या पुढ्यात जाऊन, सासऱ्याला म्हणावं तसं म्हणाली, "मामाजी, बाबाले आइकूच येत नाही. चार-पाच साल झाले. मी आइकतो, मी सांगतो. आज मी जानून खोटं सांगतलं." तिचा श्वास लागला होता, सगळं अंग थरथरत होतं. "थो खोटं बोलते. थो माह्याबद्दल खोटं बोलला. मले मिरगी नाही! मले काही नाही!" पुढे तिच्या तोंडातून शब्द फुटेना. दात आवळलेले, मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताठ. संतापानं माणूस असा होतो, हे कोणी कधी पाहिलं नाही का?

डोमाजी शांतपणे म्हणाला, "पाहा. आली. धरा तिले."

आणि धरली हो! तीन बायांनी तिला मागून धरली, खाली पाडली. ती सुटायला धडपडली तशी आणखी दोघींनी पाय दाबले. "फिट आली, फिट आली!" "कांदा आना!" "कांदा कुठचा इथं, चप्पल हुंगवा!" रानात सगळे अनवाणी. पार्वती, तीच नवी सून आता दोन पोरांची आई झालेली, ती माझ्याकडे धावत आली. "मास्तरीनबाई, चप्पल द्या लवकर!"

बोडीवर कातडी चप्पल माझ्या एकटीच्या पायात होती. यशोदेनं जमिनीवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड दाबलेलं होतं. पण मी काय बोलायला हवं ते तिला माहीत होतं आणि मलाही. एक वाक्य. ही पोर निरोगी आहे, मी पाच वर्षं हिच्या भिंतीला भिंत लावून राहते. मी शाळेतली बाई, माझं वाक्य कोणीतरी ऐकलं असतं. निदान नत्थूजीनं.

मी चप्पल काढून दिली.

माझ्या हातचं पाणी न चालणाऱ्या गावाला माझी चप्पल चालली. ती तिच्या नाकाशी दाबून धरली. थोड्या वेळानं तिनं धडपड सोडली. कोण किती वेळ लढणार पाच बायांशी? ती सैल पडली, डोळे मिटले. "उतरली," बाया म्हणाल्या. "चपलेनं उतरली." आणि आता अर्ध्या गावानं तिची मिरगी डोळ्यांनी पाहिली होती.

नत्थूजी डोमाजीजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. झाडाचं चुकलं, मानूस हाय, चुकते. पन पोरीचं खरं बोलले तुमी. बाप आपल्या पोरीबद्दल कायले खोटं बोलन?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भला माणूस. मधुकरचं लग्न वैशाखात झालं, दुसरीकडे.

डोमाजी त्यानंतर एकाही झाडाला गेला नाही. बोलावणी येत राहिली. लोक त्या एका चुकीला चूक मानतच नव्हते. पोरीच्या दुःखानं बिचाऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, असं म्हणायचे. हा त्यांना हात जोडून सांगायचा, "पोरीले एकटं सोडून कसा येऊ?" मी हे कुडाच्या भिंतीमागून ऐकायचे. माझी घागर त्या दिवसापासून कोणी भरली नाही. मी पोरांकडून बोडीचं पाणी आणवलं, गाळून प्याले, आणि वर्षाच्या आत भंडाऱ्याजवळ बदली करून घेतली.

त्यानंतर त्या गावी मी एकदाच गेले, सात-आठ वर्षांनी. एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. गावच्या धुऱ्यांवर तोवर सरकारनं वाटलेली सुबाभूळ भरभर वाढली होती. जायचं नाही असं ठरवून निघाले होते, तरी पाय डोमाजीच्या घराकडेच वळले.

तो ओसरीवर खाटेवर होता. हाडं आणि कातडी. कान पूर्ण गेलेले. त्यानं मला ओळखलं, बसायला खूण केली आणि धुऱ्यांकडे बोट दाखवून लगेच सुरू झाला, "हे सुबाभूय! नाव बाभूय, अंगात गवत. सरकारले झाड कयते का?" जित्याची खोड, दुसरं काय. बोलताना त्याची नजर माझ्या ओठांवर होती. समोरच्याचं तोंड बघून त्याला बोलणं कळत असे, असं पार्वती मला वाटेत म्हणाली होती. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली होती. यशोदा त्याचं सगळं करते, वेळेवर जेवण, आंघोळ, औषध. पण बापाशी बोलायचं असलं की पाठ करून बोलते. त्या बोडीच्या दिवसापासून तिनं त्याला बोलताना तोंड दाखवलं नाही.

यशोदा चहा घेऊन आली. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं एक कप त्याच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि कोपऱ्यातल्या चुलीकडे तोंड करून भांडी आवरू लागली. मी म्हटलं, "यशोदा, मी..." ती भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मरत काहून नाही हा एकदाचा."

डोमाजीला तिच्या मानेची हालचाल दिसली. तो पुढे वाकला. "काय म्हनते थे? मास्तरीनबाई, तुमी सांगा. माह्याकडे पाहून सांगा."

इतक्या वर्षांनी मला कोणीतरी खरं सांगायला सांगत होतं. माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी त्याच्यासमोर तोंड नेलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "मरत का नाहीस, म्हणते ती."

त्याचे ओठ हलले. त्यानं खाटेच्या लाकडी गातावर थाप मारली. "यशोदे! काय म्हनली तू?"

यशोदा वळली. भांडं हातात तसंच, सरळ त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. दर शब्द त्याला दिसावा अशी, सावकाश बोलली, "चा थंडा होऊन राहिला, म्हनलं."

डोमाजीनं तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "लबाड बाई," तो म्हणाला. "लेकीच्या नावानं खोटं सांगते मले." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं चहा बशीत ओतला आणि आवाज करत प्याला.

यशोदेनं माझ्यापुढचा कप उचलला. मी अजून प्यायले नव्हते.

"बाई," ती म्हणाली, "तुमची एस.टी. जाईन."